पणजीत जोडीदार शोधणे: अर्धे पर्यटक, उरलेले पाहुणे

तांबडी_माती (शुक्रवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय ३४. मूळची डिचोली तालुक्यातली. सहा वर्षं मुंबईत नोकरी केली, २०२१ मध्ये परत आले, आता पणजीत मळा नावाच्या भागात खोली घेऊन एकटी राहते. लग्न करायचंय, पण कांदेपोह्यांच्या रांगेतून नको. आधी माणूस आवडू दे, मग आडनाव, गोत्र काय ते बघू.

मुंबईत माणसं भरपूर होती, वेळ नव्हता. मी चेंबूरला, एक मुलगा ठाण्याला. चार महिने फोनवर गप्पा, भेट फक्त दोनदा. तिसऱ्या रविवारी मेगाब्लॉक लागला. ब्लॉक संध्याकाळी उठला, आमचं मात्र तिथेच थांबलं ते थांबलं.

इकडे वेळच वेळ आहे, माणसं नाहीत. म्हणजे आहेत, पण कशी ते सांगते. अ‍ॅपवर दहा फोटो सरकवले तर सात पर्यटक. ‘रविवारपर्यंत गोव्यात’. अहो, मला रविवारनंतरचा हवाय! आता मी चेहरा बघतच नाही, फोटोतल्या स्कूटरची पाटी बघते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी, पुढे चला. एकदा चक्क पांढरी पाटी, जीए ०७, म्हणजे पणजीचीच! हरखून भेटायला गेले. गाडी मित्राची होती, हा गुरगावचा. त्याचं विमान दुसऱ्या दिवशी मोपावरून.

उरले आपले. अशाच एका आपल्याला १८ जून रस्त्यावरच्या हॉटेलात भेटले. चहा आणि मिरची भजी मागवली. भजी यायच्या आत आईचा फोन. ‘कोण गो तो?’ वेटर माझ्या चुलतभावाच्या वर्गातला निघाला. मग समोरच्याने विचारलं, तुमचा देव कुठला? तिथून गाव, गावावरून घर, घरावरून मावशी. त्याची मावशी माझ्या काकूची नणंद. दहा मिनिटांत आम्ही एकमेकांची भावंडं झालो. पैसे त्याने दिले, ‘बहिणीकडून कसे घेऊ’ म्हणाला.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दीड महिन्यावर आलीय. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायला सगळं खानदान जमणार आणि स्टुलावर चढलेली आत्या वरूनच विचारणार, ‘यंदा तरी?’ तर प्रश्न असा की एवढ्याशा पणजीत एकटीने माणूस शोधायचा कुठे?

अट एकच. मासे खाणारा हवा. उंची, पगार, टक्कल, सगळं चालेल.

शेवटो (शुक्रवार, रात्री १०:५०)

जागा पकडली. जत्रेतलं खाजें घेऊन बसलोय.

म्हापशेकर (शुक्रवार, रात्री ११:०५)

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात या. सगळं मिळतं, फक्त घासाघीस करता आली पाहिजे. हलकेच घ्या.

फोंड्याचा_बाब (शुक्रवार, रात्री ११:३१)

ताई, धागा आवडला, पण दुसरी बाजूही ऐका. मी ३१, फोंड्यात आईवडिलांबरोबर राहतो, खासगी कंपनीत आहे. मुलीकडून पहिला प्रश्न, ‘सरकारी का?’ नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येतच नाही.

आमच्या थोरल्या भावाच्या वेळी वेगळी तऱ्हा होती. खाणी जोरात होत्या, दारात ट्रक असला की स्थळ पक्कं. दोन ट्रक असले तर मुलगी बघायचीही गरज नाही, लोक मुली घेऊन दारात. भावाचं २०११ ला जमलं, २०१२ ला खाणी बंद. पुन्हा सुरू झाल्या तर २०१८ ला परत बंद. ट्रक अजून अंगणात आहे, त्यावर पडवळाचा वेल चढवलाय. वहिनी चांगली म्हणून संसार झाला. तर मुलांनाही काही सोपं नाहीये.

तांबडी_माती (शुक्रवार, रात्री ११:४४)

@फोंड्याचा_बाब, डिचोलीची असून ट्रकवाल्यांची स्थळं मला माहीत नसतील? एकाने बायोडाटात स्वतःचा फोटो न लावता ट्रकचा लावला होता. पडवळाचं वाचून मात्र पोटात कालवलं. मी सरकारीबद्दल काही विचारत नाही हो. मासे खाता ना?

फोंड्याचा_बाब (शुक्रवार, रात्री ११:४७)

खातो. पण माझं जमलंय. गेल्या महिन्यातच. (सरकारी आहे ती.)

शेवटो (शुक्रवार, रात्री ११:४८)

अरेरे! इसवण गळाला लागून सुटलं.

डिचोलीकाकू (शनिवार, सकाळी ६:१५)

डिचोली तालुका, मुंबईत सहा वर्षं, मळ्यात खोली. आजोबांचं भुसारी दुकान होतं का गो तुमचं?

तांबडी_माती (शनिवार, सकाळी ८:०२)

काकू, इथे सगळे टोपणनावाने असतात.

डिचोलीकाकू (शनिवार, सकाळी ८:०९)

बरं बरं. आईलाच विचारते.

तांबडी_माती (शनिवार, सकाळी ८:१०)

नको!!!

मिरामारवाली (शनिवार, सकाळी १०:२०)

काकूंनी धाग्याचा मुद्दाच सिद्ध केला. :)

माझाही एक अनुभव. मुलगा मडगावचा, सभ्य, वाचणारा. तिसऱ्या भेटीत समुद्राकडे बघत हळूच विचारलं, ‘तुझ्या आजोबांचा जन्म गोव्यातच ना? एकसष्टच्या आधी?’ मला वाटलं, घराण्याची चौकशी करतोय, साधाभोळा आहे. मी कौतुकाने आजोबांच्या मुक्तिलढ्याच्या गोष्टी सांगत सुटले. तो मधेच म्हणाला, ‘ते ठीक आहे, जन्मदाखला आहे का?’ तेव्हा लख्ख प्रकाश पडला. ह्याला बायको नकोच होती, लिस्बनला नोंदवायला माझे आजोबा हवे होते! पोर्तुगीज पासपोर्ट आणि मग तिथून पुढे कुठेतरी. आजोबा पोर्तुगिजांच्या तुरुंगात होते हे ऐकूनही त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

सावंतवाडीकर (शनिवार, सकाळी ११:०२)

अ‍ॅपमधलं अंतर वाढवा की! पणजीवरून पन्नास-साठ किलोमीटर केलंत तर बांदा, सावंतवाडी सगळं आत येतं. आमच्याकडे मुलगे भरपूर, मासेही खातात, मराठी बोलतात, मालवणीही. अजून काय हवं?

तांबडी_माती (शनिवार, सकाळी ११:१५)

महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला गोव्याने १९६७ सालीच नाही म्हणून झालंय, साहेब.

शेवटो (शनिवार, सकाळी ११:१६)

फुटलो!

पर्वरीचा_पुणेकर (शनिवार, दुपारी २:४०)

मी मुळात ‘भायला’. तीन वर्षं पर्वरीत राहतो, घरून काम करतो. सगळ्या बाहेरच्यांना एका मापात घातलेलं बघून जरा वाईट वाटलं. आम्हीही इथे एकटेच असतो. स्थानिक लोक हसून बोलतात, नारळ देतात, चवथीला जेवायला बोलावतात, पण घरची मुलगी समोर आली की तिला आत पाठवतात. दोन वेळा असं झालं की गप्पा छान चालल्या होत्या आणि ‘भाड्याने राहता की घेतलंय’ या प्रश्नावर सगळं थांबलं. घेतलंय म्हटलं तर ‘तुमच्यामुळेच भाव वाढले’, भाड्याने म्हटलं तर ‘मग कधी जाणार?’

तांबडी_माती (शनिवार, दुपारी ३:२५)

@पर्वरीचा_पुणेकर, मुद्दा मान्य. ‘कधी जाणार’ मीही विचारते बहुतेक.

पण माझीही बाजू ऐका. आसगावात राहणारा एक जण, गोव्यात येऊन आठ महिने झालेले, स्वतःला ‘लोकल’ म्हणवणारा. पहिल्याच भेटीत मला म्हणाला, तू गोव्याची वाटत नाहीस. का? तर मी टिकली लावते, मराठी बोलते आणि माझं नाव मारिया नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यात ६६ टक्के हिंदू होते, २५ टक्के ख्रिश्चन. एवढी मराठी वर्तमानपत्रं इथे निघतात, जत्रेला रात्रभर मराठी नाटकं होतात, ती कोण करतं, असं विचारलं. तर म्हणाला, ‘इंटरेस्टिंग.’ मी त्या शब्दावर उठले. पोळीबरोबरचं चिकन काफ्रेआल अर्धं तिथेच राहिलं, त्याचं दुःख अजून आहे.

अस्सल_गोंयकार (शनिवार, दुपारी ४:०१)

म्हणजे घरात कोकणी, कागदावर मराठी. प्रेमपत्र कुठल्या भाषेत लिहिणार? राजभाषा कायद्यात १९८७ पासून...

म्हापशेकर (शनिवार, दुपारी ४:०३)

आला विषय. बाही सरसावतो.

संपादक (शनिवार, दुपारी ४:०६)

भाषावादासाठी वेगळा धागा आहे, तो चार वर्षं चालू आहे. कृपया तिथे जावे. इथे बाईंचं लग्न जमू द्या.

वकीलबाई_मडगाव (शनिवार, संध्याकाळी ६:३०)

थोडं अवांतर, पण गोव्यात प्रेम करणाऱ्यांना माहीत असलेलं बरं. आपल्याकडे लग्न म्हणजे आधी नोंदणी कार्यालयात दोघांनी जाऊन इच्छा जाहीर करायची, म्हणजे पहिली सही. त्याची नोटीस लागते, कुणाचा आक्षेप आला नाही की दुसरी सही. मांडव, अक्षता, सनई ही तुमची हौस.

१८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला नियम असा की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर ढोबळमानाने दोघांची मालमत्ता एक होते आणि निम्मी-निम्मी मानली जाते. लग्नाआधीचीसुद्धा. वेगळं ठेवायचं असेल तर करार लग्नाच्या आधीच करावा लागतो, नंतर रडून उपयोग नाही. माझ्याकडे नवरानवरी पहिल्या सहीच्या आदल्या दिवशी धावत येतात आणि विचारतात, ‘तिची स्कूटरपण अर्धी माझी का?’ हो रे बाबा, आणि तुझं कर्जही एकदा दाखव तिला.

शेवटो (शनिवार, संध्याकाळी ६:४१)

ट्रक आणि पडवळ पण निम्मं-निम्मं का?

एकटीच_बरी (शनिवार, रात्री ९:१२)

मी ४१. ताळगावात राहते, एक मांजर, एक फणसाचं झाड. हाच शोध मीही सात वर्षं केला. एक दिवस लक्षात आलं की प्रत्येक भेटीच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही आणि भेट रद्द झाली की अगदी शांत लागते. तेव्हापासून बंद. कुणाला शिकवत नाहीये, शोधणाऱ्यांनी शोधावं. पण जोडीदार मिळाला नाही म्हणजे काहीतरी चुकलंच, असं धाग्याच्या सुरात येतंय ते खटकलं. मी बांगडे तळते आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळे मीच खाते.

तांबडी_माती (शनिवार, रात्री ९:४०)

तुम्ही म्हणता ते पटतं, आणि तुमचा हेवाही वाटतो. पण मला तळलेल्या बांगड्यातला एक दुसऱ्याच्या ताटात वाढावासा वाटतो, काय करू.

म्हापशेकर (रविवार, सकाळी ९:००)

देवाला कौल लावलात का? गंमत नाही, खरंच विचारतोय.

तांबडी_माती (रविवार, सकाळी ९:५५)

लावला ना! आईने ओढत नेलं. भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आईने गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही बसलो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, पाकळी हलेना. भटजी म्हणाले, ‘मनात एकच विचार ठेवा.’ मागे रांग वाढत होती, एका म्हाताऱ्याने घड्याळ बघितलं. शेवटी उजवी पाकळी पडली आणि आईने मला तिथेच मिठी मारली. आता तिला कसं सांगू की मी मनात लग्नाचं विचारलंच नव्हतं. ऑफिसातली बदली टळेल का, ते विचारलं होतं. बदली टळली.

जुना_प्रवासी (रविवार, सकाळी ११:२०)

सगळं वाचलं. माझं वय ६६, अ‍ॅपमधलं काही कळत नाही. तरी एक सांगतो.

१९८६च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला. मी तेव्हा सचिवालयात कारकून, पर्वरीला राहत असे. सचिवालय मांडवीकाठी आदिलशहाच्या वाड्यातच होतं, म्हणजे पूल होता तेव्हा अर्ध्या तासाची बात. पूल पडल्यावर सगळा बार्देश फेरीबोटीवर आला. बेतीच्या धक्क्यावर पहाटेपासून रांग, वरून पाऊस, पायाखाली चिखल आणि डिझेलचा वास. कारकून, बँकवाले, मासळीवाल्या, कॉलेजची पोरं, सगळे खांद्याला खांदा लावून उभे.

माझ्यापुढे एक मुलगी असायची. बँकेत होती. तिच्या छत्रीची एक काडी मोडलेली, त्या बाजूचं कापड लोंबायचं आणि त्यावरून पाण्याची धार बरोबर माझ्या डाव्या खांद्यावर. दहा दिवस ती धार मी खांद्यावर घेतली. सरकता आलं असतं, सरकलो नाही. अकराव्या दिवशी धीर करून घरून बारीक तार आणली आणि रांगेतच काडी बांधून दिली. तिने छत्री उघडून बघितली, मिटली, परत उघडली. मग विचारलं, ‘आता तुम्ही कुठे उभे राहणार?’

लग्न १९८८ साली झालं. नवा पूल व्हायला ९२ साल उजाडलं, तोवर थोरली मुलगी बालवाडीत जाऊ लागली होती. ती छत्री अजून माळ्यावर आहे. तार गंजली.

मिरामारवाली (रविवार, सकाळी ११:२९)

आजोबा, रविवारी सकाळी रडवलंत.

वकीलबाई_मडगाव (रविवार, सकाळी ११:३३)

ती छत्रीपण निम्मी तुमची, बरं का.

शेवटो (रविवार, सकाळी ११:४०)

म्हणजे एक पूल पडला तेव्हा जमलं. आता मांडवीवर तीन पूल आहेत, अटल सेतूवरून तर पणजी कधी मागे पडली कळत नाही. लग्नं जमणार कशी? सरकारने लक्ष घालावं.

पर्वरीचा_पुणेकर (रविवार, दुपारी १२:१०)

फेरीबोट अजून चालते ना पणजी-बेती? मी कधी बसलोच नाही, तीन वर्षांत.

डिचोलीकाकू (रविवार, दुपारी १२:१४)

तीन वर्षांत फेरीत बसला नाहीस, आणि मुली आत पाठवतात म्हणून तक्रार करतोस होय रे!

तांबडी_माती (तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:५०)

धागा वर काढतेय. हसायचं नाही.

@जुना_प्रवासी यांचं वाचल्यावर त्याच आठवड्यात उगाचच बेतीच्या फेरीत बसले. काम काही नव्हतं. गेले आणि आले, दोनदा. कंटाळून तिसऱ्यांदा चढले तर एक जण छताचा पंखा घेऊन उभा. मोटर एका हातात, तिन्ही पाती वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत, आणि पावसाने कागद भिजून पाती निसटायला लागलेली. म्हणाला, ‘जरा धरता का?’ धरली. पणजीला वाइंडिंग करायला नेत होता. धक्का आला तरी मी पाती धरूनच, आणि त्यानेही परत मागितली नाहीत. दुकानापर्यंत चालत गेलो.

तिथे तो विचारायच्या बेतात होता, ‘तुम्ही कुठल्या?’ मी हात वर केला. म्हटलं, थांबा. गाव नको, देव नको, आडनाव नको. तिसऱ्या भेटीपर्यंत दोघांनीही विचारायचं नाही. तो जरा गोंधळला. मग म्हणाला, ‘पंख्याचं नाव सांगितलं तर चालेल?’

तेव्हापासून दोन भेटी झाल्या. दुसऱ्या भेटीत त्याने पंखा नेला, मी पाती धरली. सवय झालीय. तिसरी पुढच्या रविवारी. आईला सांगितलंय, बेतीला मैत्रिणीकडे जाते. आडनाव अजून माहीत नाही, आणि खरं सांगू का, इतकं हलकं मला गोव्यात कधी वाटलं नव्हतं.

मिरामारवाली (रविवार, संध्याकाळी ७:५८)

आई गं! मासे खातो का ते विचारलंस?

तांबडी_माती (रविवार, रात्री ८:०१)

श्रावण चालू आहे ना. दोन्ही वेळा पातळभाजी-पाव खाल्ला. श्रावणात कोण विचारतं!

फोंड्याचा_बाब (रविवार, रात्री ८:०५)

अभिनंदन ताई. पंखा कुठल्या कंपनीचा आहे, सरकारी की खासगी?

डिचोलीकाकू (रविवार, रात्री ८:२०)

बेतीचा का गो? उंचसा, चष्मा, बोलताना मान तिरकी करतो? आमच्या भाचीच्या शेजारीच राहतात ते. गेल्या महिन्यात त्यांच्या माजघरातला पंखा जळला होता. त्याची आजी म्हणजे आपल्या...

तांबडी_माती (रविवार, रात्री ८:२१)

काकू प्लीज!!! आडनाव नको! आजी नको! रविवारपर्यंत थांबा!

संपादक (रविवार, रात्री ८:२३)

काकूंच्या प्रतिसादातला शेवटचा भाग काढून टाकला आहे.

डिचोलीकाकू (रविवार, रात्री ८:३०)

बरं, नाही सांगत. मुलगा सोन्यासारखा आहे हो. निर्व्यसनी, आईला जपतो, हातात कला आहे. एवढंच की श्रावण संपला तरी त्यांच्याकडे श्रावणच असतो.

तांबडी_माती (रविवार, रात्री ८:३१)

म्हणजे????

शेवटो (रविवार, रात्री ८:३१)

म्हणजे नुस्तें खायना. मासे खात नाही!

तांबडी_माती (रविवार, रात्री ८:४९)

काकू, सोलकढी तरी पितो का?